बदली आणि विलंब : सोलापुरातल्या एका टेबलाचं प्रकरण

सोलापूर शहरातल्या एका महसुली कार्यालयात निराधार योजनेचं एक टेबल काही वर्षं चांगलं चाललं आणि मग थांबलं, एवढंच हे प्रकरण. चांगलं चाललं म्हणजे काय, तर विधवा बाईनं दिलेला अर्ज कुठपर्यंत आलाय हे तिला विचारल्यावर कळायचं. कागद अपुरा असेल तर पहिल्याच दिवशी सांगितलं जायचं. यादीत नाव लागण्यासाठी गेटवरच्या एजंटाची पायरी चढावी लागत नव्हती. त्याच इमारतीतली बाकीची टेबलं मात्र जशी असतात तशीच होती.

मी समाजशास्त्र शिकवतो. क्षेत्रकार्यासाठी आमचे विद्यार्थी या कार्यालयाच्या व्हरांड्यात बसायचे. त्यांची टिपणं आणि नंतर कर्मचाऱ्यांशी व अर्जदार बायांशी झालेली बोलणी यांतून हे लिहिलं आहे. कार्यालयाचं नाव, वर्षं आणि माणसांची ओळख दिलेली नाही, कारण त्यातले बहुतेक जण अजून नोकरीत आहेत.

या टेबलाकडे बघण्याची दृष्टी मला एरिन मेट्झ मॅकडॉनल यांच्या संशोधनातून मिळाली. त्या अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्राध्यापक आहेत आणि त्यांचं क्षेत्रकार्य पश्चिम आफ्रिकेतल्या घानात झालं आहे. जागतिक बँक १९९६ पासूनच्या वर्षांसाठी ‘शासनाची परिणामकारकता’ मोजते आणि प्रत्येक देशाला साधारण उणे अडीच ते अधिक अडीच यांमधला एक आकडा देते. घानाला एक आकडा, भारताला एक आकडा. मॅकडॉनल यांचा प्रश्न असा की हा आकडा नेमका कोणत्या कार्यालयाचा? घानात सरकारी कामाचा सर्वसाधारण अनुभव दिरंगाईचा आणि वशिल्याचा होता. पण त्याच सरकारात मध्यवर्ती बँकेतले काही विभाग, अर्थ मंत्रालयातला एक धोरण-विश्लेषण विभाग, राजधानी अक्रातली व्यापारी न्यायालयं अशी काही ठिकाणं चोख काम करत होती. पगाराचा, कायद्याचा आणि राजकारणाचा संदर्भ तोच असताना हे कसं घडतं, यावर त्यांनी २०१७ साली ‘अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू’मध्ये लेख लिहिला आणि २०२० साली पुस्तक. राज्यसंस्था म्हणजे एकसंध कापड नव्हे, ती ठिगळांची गोधडी आहे आणि काही ठिगळं भक्कम असतात, असं त्यांच्या मांडणीचं सार सांगता येईल.

सोलापुरात हे पटायला फार लांब जावं लागत नाही. दरवर्षी आषाढीला याच जिल्ह्याचं प्रशासन पंढरपुरात लाखो वारकऱ्यांचं पाणी, शौचालयं, दवाखाने, गर्दी सांभाळतं. निवडणुकीत हेच तलाठी, हेच कारकून, हेच शिक्षक मतदारयादीपासून मतमोजणीपर्यंत सगळं तारखेबरहुकूम पार पाडतात. त्याच माणसांकडे तुमची वारसनोंद गेली की ती का अडते? याचं नेहमीचं उत्तर ‘एकादशी पुढं ढकलता येत नाही’ असं असतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. तारीख टळत नसेल आणि सगळ्यांचं लक्ष असेल, तर यंत्रणा हलते. निराधार टेबलाला मात्र अशी तारीख नव्हती आणि तिकडं कुणाचं लक्षही नव्हतं. म्हणूनच ते अभ्यासण्यासारखं वाटलं.

योजना काय आहे

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालची. पासष्ट वर्षांखालच्या विधवा, परित्यक्ता, अपंग, दुर्धर आजारी, निराधार व्यक्तींना दरमहा अनुदान मिळतं. २०२३ मध्ये ते हजारावरून दीड हजार रुपये झालं. अर्जाबरोबर वयाचा आणि रहिवासाचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, विधवा असेल तर पतीचा मृत्यू दाखला, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक लागतं. छाननी महसूल कार्यालय करतं, मंजुरी समिती देते. समितीचा अध्यक्ष बहुधा अशासकीय, म्हणजे राजकीय नेमणुकीचा असतो आणि तहसीलदार सदस्य सचिव. समिती नेमलेली नसेल किंवा बसली नसेल तर यादी थांबते.

कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची सर्वसाधारण मर्यादा एकवीस हजार रुपये आहे. म्हणजे महिन्याला सतराशे पन्नास. एवढ्यात सोलापुरात कोण जगतं, हा प्रश्न त्या खोलीत कुणी विचारत नाही. अर्ज करणारीला, दाखला देणाऱ्याला, तो तपासणाऱ्याला, सगळ्यांना खरं काय ते माहीत असतं, आणि दाखल्यांवर मर्यादेच्या जरा खालचे आकडे असतात. आम्ही ज्या टेबलाला चोख म्हणतो तेही या सामूहिक नाटकात सामील होतं. चोखपणाची गोष्ट सांगताना हे लपवण्यात अर्थ नाही. नियमच जिथं वास्तवाला सोडून आहे, तिथं ‘नियमानुसार काम’ याचा अर्थ कागद जुळणं एवढाच उरतो.

अर्जदार कोण होते

बऱ्याचशा शहराच्या पूर्वभागातल्या विडी कामगार बाया. सोलापूरची पहिली कापड गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी मिल’, १८७७ सालची. गिरण्या एकामागून एक बंद पडल्यावर शहरातल्या कित्येक घरांचा भार यंत्रमागावर आणि बायकांच्या विड्यांवर आला. पानं-तंबाखू घरी आणायची, विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन मोजून द्यायच्या. कार्यालयात घालवलेली सकाळ म्हणजे तेवढ्या विड्या कमी, तेवढी मजुरी कमी. त्यामुळे ‘उद्या या’ या दोन शब्दांची किंमत इथं रुपयांत मोजता येते.

यातल्या कितीतरी घरांत बोली तेलुगू. आडनाव आधी लावायची तिकडची रीत, मराठी कारकुनाची नाव-बाप-आडनाव ही रीत, आणि मध्ये आधार केंद्रावरच्या पोरानं इंग्रजीत ऐकून टाइप केलेलं स्पेलिंग. परिणामी रेशनकार्डावर एक बाई, आधारवर दुसरी, नवऱ्याच्या मृत्यू दाखल्यावर तिसरी. तिन्ही एकच, पण हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर. गेटवरच्या एजंटांचा खरा धंदा इथं होता. ‘नावात फरक आहे, शंभराच्या स्टॅम्पवर प्रतिज्ञापत्र लागेल’ असं म्हणायचं आणि स्टॅम्प, टायपिंग, नोटरी, स्वतःची मेहनत असं सगळं एकत्र वसूल करायचं.

आणखी एक गुंता खास सोलापूरचा. कुंभारीला विडी कामगारांची गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरांची. पुढे त्याच भागात रे नगर उभं राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण झालं. घर मिळालं हे उत्तमच. पण कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. बाईचं रेशनकार्ड शहरातलं, घर दक्षिण तालुक्यात, नवऱ्याचा मृत्यू दाखला महापालिकेचा. शहरातलं टेबल म्हणणार तालुक्यात जा, तालुक्यातलं टेबल म्हणणार कार्ड शहराचं आहे. दोन्ही टेबलं शहरातच, मध्ये रिक्षाचं भाडं.

खोलीतली तीन माणसं

पहिली, अव्वल कारकून. अक्कलकोटकडची, घरात कन्नड. या टेबलावर येण्याआधी ती निवडणूक शाखेत होती. तिथली एक सवय ती घेऊन आली. संध्याकाळी उठण्याआधी त्या दिवशी किती आले, किती निकाली, किती कशासाठी अडले, याचा ताळा एका वहीत मांडायचा. निवडणूक शाखेत हा अहवाल वरून मागतात. निराधार टेबलाचा अहवाल कुणीच मागत नव्हतं, तरी तिनं वही सुरू ठेवली. विद्यार्थिनीनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, “मांडलं न्हाई तर मलाच झोप येत न्हाई. आणि उद्या कुणी विचारलं तर?”

दुसरा, महसूल सहायक. वडील सेवेत असताना वारले म्हणून अनुकंपा तत्त्वावर लागलेला, पूर्वभागातला, घरात तेलुगू. कार्यालयात त्याच्याविषयी फार बरं बोललं जात नव्हतं. अनुकंपावाल्यांना काम येत नाही, हा एक सरसकट शिक्का. पण कोणतं आडनाव मराठीत कसकसं लिहिलं जातं आणि इंग्रजीत त्याचं काय होतं, हे त्याला डोळे मिटून सांगता यायचं. मृत्यू दाखल्यावरची आणि आधारवरची बाई एकच आहे हे त्याला दोन प्रश्नांत कळायचं. मग तो स्टॅम्प मागायचा नाही. कायद्यानं प्रतिज्ञापत्र सक्तीचं नसेल तिथं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र चालतं, हा शासन निर्णय जुनाच आहे. तो त्यानं काढून काचेखाली ठेवला होता. एजंटाचा निम्मा धंदा त्या एका कागदानं बसला.

तिसरा, शिपाई. सगळे त्याला मामा म्हणायचे. माझ्या मते टेबलाचं खरं यंत्र तो होता. दारातल्या बाकावर बसून तो प्रत्येकीची पिशवी उघडायला लावायचा. “अम्मा, पासबुक कुठं हाय? पहिलं पान झेरॉक्स करून आणा, मग आत जावा.” कागद पुरे असतील तरच आत. अव्वल कारकुनानं त्याला यादी पाठ करून दिली होती आणि त्यानं स्वतःची भर घातली होती. शासनाच्या नोंदीत या कामाला नाव नाही. शिपायाच्या कर्तव्यसूचीत छाननी येत नाही.

या तिघांना एकत्र कुणी आणलं? त्या वेळच्या नायब तहसीलदारांनी, असं सगळे सांगतात. अव्वल कारकुनाची नेमणूक वरून झाली होती. सहायकाला मात्र त्यांनी दुसऱ्या शाखेतून मुद्दाम मागून घेतलं, आणि तो नको असलेला माणूस असल्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. दुसरं त्यांनी काय केलं, तर या टेबलाची माणसं पंचनाम्याला, दौऱ्याच्या बंदोबस्ताला, इतर शाखांच्या थकलेल्या कामाला शक्यतो उचलू दिली नाहीत. बाकी रोजच्या कामात ते फारसे नव्हते.

टेबलानं स्वतःहून ठरवलेल्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. समितीची बैठक कधी होईल हे त्यांच्या हातात नव्हतं, पण बैठक लागलीच तर पूर्ण छाननी झालेली यादी तयार ठेवणं हातात होतं. बैठकीची तारीख लागली की इतर ठिकाणी धावपळ होते, अर्धवट प्रकरणं पुढच्या बैठकीवर जातात. इथं यादी टाइप होऊन पडलेली असायची. दुसरी गोष्ट भिंतीवरची. आवक क्रमांकानुसार अर्जांची यादी आणि प्रत्येकापुढं तो कुठं आहे याची खूण. एखाद्या नगरसेवकाचा माणूस नावांची चिठ्ठी घेऊन आला की त्याला नाही म्हणायचं नाही, चहा द्यायचा, नावं घ्यायची आणि म्हणायचं, “साहेब, ह्या बघा, चौघी यादीत हायेत, दोघींचे कागद अपुरे हायेत.” भांडण नाही, पण रांग मोडत नाही. चिठ्ठीवाल्यालाही बायकांना सांगायला काहीतरी मिळायचं.

साहेब बदलला, टेबल चालूच

आपल्याकडे चांगल्या कार्यालयाचं स्पष्टीकरण एकाच वाक्यात संपतं. साहेब चांगला होता. सोलापुरालाही धडाकेबाज अधिकाऱ्यांच्या गोष्टी सांगायला आवडतात. म्हणून या प्रकरणातली पुढची घटना मला महत्त्वाची वाटते. टेबलाला जपणाऱ्या त्या नायब तहसीलदारांची बदली झाली. नवे आले त्यांना या योजनेत काडीचा रस नव्हता. त्यांचं लक्ष गौण खनिज आणि जमिनीच्या प्रकरणांकडं. विद्यार्थ्यांनी अंदाज बांधला की आता टेबल ढासळणार. ते ढासळलं नाही. वही चालू राहिली, यादी भिंतीवर राहिली, मामा बाकावर राहिले. साहेबानं सुरुवात करून दिली होती हे खरं, पण टिकवण्यासाठी तो लागला नाही.

मॅकडॉनल यांच्या मांडणीत याचं उत्तर सापडतं. त्यांच्या मते अशी ठिकाणं तीन गोष्टींवर उभी राहतात. माणसं निवडण्यात थोडी मोकळीक, त्या माणसांनी एकमेकांत रुजवलेल्या कामाच्या सवयी, आणि भोवतालच्या पद्धतीपासून बचाव. त्यातली मधली गोष्ट त्या फार बारकाईनं बघतात. वेगळ्या सवयीचा एकटा माणूस मोठ्या कार्यालयात टिकत नाही. तो तरी बदलतो किंवा कंटाळून जातो. तीच माणसं एका लहान खोलीत एकत्र आली की तिथं त्यांचीच रीत सर्वसाधारण होते. उशीर करणाऱ्याला तिथं अवघडल्यासारखं होतं. आकडा छोटा असणं हा इथं गुण ठरतो.

याआधीचं एक मोठं संशोधन वेगळ्या दिशेनं गेलं होतं. पीटर इव्हान्स आणि जेम्स राउच यांनी १९९९ मध्ये पस्तीस देशांच्या नोकरशाह्या तपासल्या. गुणवत्तेवर भरती आणि खात्रीची, टप्प्याटप्प्यानं वर जाणारी नोकरी जिथं आहे, ते देश १९७० ते १९९० या काळात जास्त वेगानं वाढले, असं त्यांना दिसलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरनं नोकरशाहीचं जे चित्र काढलं होतं त्याची ही आकडेवारीनं केलेली पडताळणीच होती. देशांची तुलना करताना ती मला अजूनही पटते. आमच्या टेबलावर मात्र ती अडखळते. तिथला सर्वांत उपयोगी माणूस परीक्षेतून आलेलाच नव्हता. बापाच्या मृत्यूमुळे नोकरीला लागलेल्या त्या पोराकडे जे ज्ञान होतं ते कोणत्याही सरळसेवा परीक्षेत विचारलं जात नाही. घानातल्या चोख विभागांतली माणसंही दोन जगांत वावरलेली होती, असं मॅकडॉनल सांगतात. परदेशातल्या शिस्तशीर संस्थांचा अनुभव आणि घरच्या राजकारणाची जाण, दोन्ही. इथं परदेश नव्हता. निवडणूक शाखा आणि पूर्वभाग, एवढं अंतर पुरलं.

मॅकडॉनल यांच्या ऐतिहासिक उदाहरणांपैकी एक मला फार आवडतं. १९१३ साली चीन सरकारनं परकीय बँकांकडून मोठं कर्ज घेतलं, त्याला तारण म्हणून मिठाचा कर लावून दिला आणि तो गोळा करायला चिनी-परदेशी संयुक्त मीठ निरीक्षणालय उभं केलं. त्याचे प्रमुख सल्लागार सर रिचर्ड डेन हे हिंदुस्थानातल्या ब्रिटिश मीठ आणि अबकारी खात्यातून गेलेले. देश फुटत होता, सरदार आपापले प्रांत बळकावत होते, तरी हे एक खातं नियमानं वसुली करत राहिलं. दुसरं उदाहरण नायजेरियाचं. २००१ मध्ये डोरा अकुन्यिली औषध नियंत्रण संस्थेच्या प्रमुख झाल्या आणि बनावट औषधांवर तुटून पडल्या. २००३ मध्ये त्यांच्या गाडीवर गोळीबार झाला, त्या थोडक्यात वाचल्या.

या दोन्ही संस्थांना शत्रू होते, त्यामुळे त्यांना ढाल लागली. आमच्या टेबलाचं उलटं होतं. कुणालाच त्यात रस नसणं हीच त्याची ढाल. महसूल कार्यालयात टेबलांची एक उतरंड असते. बिनशेती परवानगी, गौण खनिज, कुळकायदा ही वजनदार टेबलं. निराधार म्हणजे बाजूला टाकलेल्याची जागा. तिथं यावं म्हणून कुणी चिठ्ठी आणत नाही, तिथून कुणाला हलवावं म्हणूनही नाही. ज्या टेबलावर पैसा आहे तिथं ही तीन माणसं इतकी वर्षं एकत्र राहिली असती असं मला वाटत नाही. घानातल्या मध्यवर्ती बँकेवरून आलेला सिद्धांत सोलापुरात लावताना हा फरक विसरून चालणार नाही. वरच्या पातळीवर बचाव कमवावा लागतो, खालच्या पातळीवर तो कधी कधी दुर्लक्षातून फुकट मिळतो आणि तितक्याच सहज जातो.

मे महिना

२००५ च्या महाराष्ट्राच्या एका कायद्याचं नाव लांबलचक आहे : शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. नावातच दोन भाग आहेत. पहिल्या भागानुसार एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं. मंत्रालयाबाहेरच्या गट क कर्मचाऱ्याचे एका कार्यालयात असे दोन कालावधी पूर्ण झाले की त्याला दुसरीकडं पाठवायचं. बदल्या शक्यतो वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे मध्ये. दुसऱ्या भागानुसार कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, तातडीची चार दिवस, अतितातडीची एक दिवस.

त्या वर्षीच्या मे मध्ये पहिल्या भागाची अंमलबजावणी अगदी नियमाप्रमाणे झाली. अव्वल कारकुनाचा कार्यालयातला कालावधी पूर्ण झाला होता, तिची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली. यात कुणाचा डाव नव्हता, तिनंही तसं कधी म्हटलं नाही. थोड्याच आठवड्यांत सहायकाला संगणक येतो म्हणून दुसऱ्या शाखेत ‘तात्पुरतं’ घेतलं. तो परत आला नाही. तिच्या जागी आलेल्या कारकुनाकडे आधीच दोन कार्यभार होते, हा तिसरा. मनुष्य सरळ होता, पैसे खाणारा नव्हता. विद्यार्थ्यांना त्यानं स्वतःच टेबलावरचा ढीग दाखवला.

ढासळण्याचा क्रम बघण्यासारखा होता. आधी वही थांबली. ती कुठं ठेवली आहे हे हस्तांतरणाच्या यादीत नव्हतंच, कारण ती कार्यालयाची नोंदवही नव्हती, बाईंची होती. मग भिंतीवरची यादी जुनी होत गेली. मामा काही दिवस पूर्वीसारखेच कागद लावून आत पाठवत राहिले, पण आत गेल्यावर लावलेले आणि न लावलेले गठ्ठे एकत्र व्हायचे. लावून काय उपयोग, असं म्हणून त्यांनी ते सोडलं. समितीची बैठक लागली तेव्हा यादी तयार नव्हती, बरीच प्रकरणं पुढं गेली. नावातल्या फरकासाठी पुन्हा प्रतिज्ञापत्र मागायला सुरुवात झाली. शासन निर्णय काचेखाली तसाच होता, पण दोन नावं एकाच बाईची आहेत हे सांगायची जबाबदारी घेणारा माणूस नव्हता. नव्या कारकुनाच्या जागी मी असतो तर मीही स्टॅम्प मागितला असता. गेटवरचे एजंट कुठं गेलेच नव्हते, ते बाकावरून उठून पुन्हा उभे राहिले.

कायद्याचा पहिला भाग पाळला गेला आणि त्यानंच दुसऱ्या भागाचा पाया काढला. कायदा दोनच गोष्टी ओळखतो, कर्मचारी आणि फाइल. कर्मचारी किती वर्षं बसला, फाइल किती दिवस पडली. दोघा-तिघांनी मिळून रुजवलेली कामाची रीत त्याच्या नजरेत येतच नाही. बदल्यांचा नियम असूच नये असं कुणी यावरून काढील तर ते चूक होईल. वजनदार टेबलांवर माणूस वर्षानुवर्षं चिकटून बसला की काय होतं हे सोलापूरकरांना शिकवायला नको. पण एका खोलीतल्या दोघांना एकाच उन्हाळ्यात हलवू नये, जाणाऱ्यानं येणाऱ्याबरोबर महिनाभर बसावं, एवढं तर प्रशासकीय पातळीवर कायद्याला हात न लावता करता येईल. आम्ही हे लिहून दिलं. उत्तर आलं की मनुष्यबळ अपुरं असल्यानं शक्य नाही. ते खोटं नव्हतं.

टेबलाची दुसरी बाजू

आमच्या अभ्यासातला सर्वांत कच्चा दुवा मामांच्या बाकावर आहे. वहीतला ताळा आत आलेल्या अर्जांचा होता. बाकावरून परत गेलेल्या बायांची नोंद कुठंच नव्हती. टेबल जोरात असतानाच्या काळात परत गेलेल्या काहींना विद्यार्थिनींनी नंतर वस्तीत गाठलं. त्यांच्या लेखी हे टेबल चोख नव्हतं, कडक होतं. एकीनं सांगितलं की मामांनी तीन वेळा पाठवलं, मग तिनं नाद सोडला, कारण प्रत्येक खेपेला दिवसाच्या विड्या बुडत होत्या. कुंभारीला राहायला गेलेल्या बायांना तर दारातूनच ‘दक्षिणला जावा’ सांगितलं जायचं. नियमानं ते बरोबर होतं, पण दक्षिणच्या टेबलावर त्यांच्यासाठी कुणी मामा बसलेला नव्हता. टेबलाची गती काही प्रमाणात अशी दाराबाहेर ढकललेल्या कामावर उभी होती. किती प्रमाणात, ते मोजायचं साधन आमच्याकडे नव्हतं आणि कार्यालयाकडेही नव्हतं.

बाकीच्या शाखांचा राग वेगळा. “त्यांना काय, एकच काम,” असं शेजारचा कारकून म्हणायचा. नायब तहसीलदारांनी ज्या पंचनाम्यांतून या दोघांना वाचवलं ते पंचनामे दुसऱ्या कुणीतरी केलेच होते. भक्कम ठिगळाचा ताण शेजारच्या विरलेल्या कापडावर येतो. मॅकडॉनल यांच्या मांडणीत चोख विभाग आणि त्यांचं भोवताल यांच्यातली ओढाताण आहे, पण शेजाऱ्यानं उचललेला हा भार मला त्यात पुरेसा दिसला नाही. घानाची मध्यवर्ती बँक आणि घानाचं शिक्षण खातं यांची माणसं अदलाबदल होत नाहीत. महसूल कार्यालयात एकाच हजेरीपटावरून सगळ्या शाखा चालतात, म्हणून एकीला दिलेलं संरक्षण दुसरीच्या खिशातून जातं.

आता परिस्थिती आणखी बदलली आहे. २०२४ च्या अखेरीपासून या योजनेचं अनुदान थेट लाभार्थीच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकण्याची पद्धत सुरू झाली. मंजुरीनंतर पैसे हातात पडेपर्यंतचे मधले टप्पे त्यामुळे कमी झाले. मात्र आधारवरचं नाव, बँकेतलं नाव आणि अर्जावरचं नाव एक असणं आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालं. कारकुनाला समजूत घालता येत होती, प्रणालीला येत नाही. ते तेलुगू जाणणारे सहायक सध्या दुसऱ्या इमारतीत आस्थापना शाखेत सेवापुस्तकं भरतात. पूर्वभागातल्या बाया अधूनमधून त्यांना शोधत तिथं जातात, आणि ते जेवणाच्या सुट्टीत त्यांचे कागद बघून देतात. हे काम त्यांच्या कोणत्याही अहवालात येत नाही. पुढच्या वर्षीचे विद्यार्थी त्या इमारतीच्या व्हरांड्यात बसणार आहेत.